एआरटी सेंटरचं काउन्सेलिंग: मुलाला त्याचा आजार सांगायचाय अशा घरच्यांसाठी

सरकारी हॉस्पिटलच्या एआरटी सेंटरमध्ये एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळतात हे बऱ्याच जणांना माहितीये, पण पोराला त्याच्या आजाराबद्दल कसं सांगायचं हे घरच्यांना तिथेच शिकवतात, तेही फुकट, हे फार कमी लोकांना माहिती असतं, म्हणून हा रिव्ह्यू. कुठलं सेंटर ते लिहीत नाही, आमचं गाव छोटंय आणि त्यावरून भाची ओळखू येईल. पण एआरटी सेंटर म्हटलं की काउन्सिलर असतातच, त्यामुळे तुमच्याकडे जाऊन विचारा.

भाची 11 वर्षांची, सहावीत. जन्मापासून एचआयव्ही आहे. ताई आणि दाजी दोघंही गेले, ती आमच्याकडेच वाढतेय, माझ्याकडे आणि तिच्या मामीकडे. रोज रात्री जेवण झालं की गोळी, घरात तिचं नाव ताकदीची गोळी. लहान होती तोवर चालून गेलं. आता ती सगळं वाचते, डबीवरचं डोल्युटेग्रॅविर हे औषधाचं नाव तिने एकेक अक्षर लावून मामीला वाचून दाखवलं, सेंटरच्या भिंतीवरची पोस्टरं पण वाचते, आणि मग एका रात्री सरळ विचारलं की वर्गात कुणालाच ताकदीची गोळी नाही, मलाच का. नातेवाईकांचं म्हणणं एकच, अठरा वर्षांची होऊ दे मग बघू, आत्ता सांगितलं तर पोरगी खचून जाईल.

काउन्सिलर मॅडमना हेच सांगितलं तर त्यांनी आधी आमचं पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाल्या, दादा, जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच सांगून ठेवलंय की शाळेत जाणाऱ्या, म्हणजे 6 ते 12 वयाच्या पोरांना त्यांचा आजार माहिती असायला हवा, त्याहून लहान असतील तर त्यांना झेपेल तेवढं हळूहळू सांगत जायचं. सांगितल्यामुळे पोरांच्या मनावर मोठा परिणाम होतो असं फारसं कुठे आढळलेलं नाही, उलट तब्येतीला फायदाच होतो. आणि कारण पण समजावलं, तेरा-चौदाव्या वर्षी पोरं आपली आपण गोळी घ्यायला लागतात, कशासाठी घेतोय हेच माहिती नसेल तर गोळी गुपचूप खिडकीबाहेर जाते, गोळ्या चुकत गेल्या की विषाणू त्या औषधाला दाद देत नाही आणि मग ती औषधं बंद करून दुसरी सुरू करावी लागतात. हे ऐकल्यावर मामीने स्वतःच विचारलं, मग कधी सांगायचं.

मला या सेवेतली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी भाचीला लगेच बोलावलंच नाही. पहिल्या काही भेटी फक्त आम्हा दोघांच्या. ती काय काय विचारेल ते वहीत लिहून आणा म्हणाल्या, आणि पुढच्या भेटीत मॅडम स्वतः भाची झाल्या आणि आम्हाला एकेक प्रश्न विचारत गेल्या. मी मरणार का, हे बरं होतं का, मैत्रिणीला सांगू का, इथपर्यंत मी उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, मामा मला हे आईमुळे झालं का. मामी रडायलाच लागली, माझ्याही तोंडून शब्द निघेना. मॅडम थांबल्या, पाणी दिलं, घाई अजिबात केली नाही. नंतर म्हणाल्या, आईने दिला असं कधीच बोलायचं नाही. आईला हा आजार होता, तिला स्वतःला माहिती नव्हतं, गरोदरपणात नाहीतर बाळंतपणात किंवा अंगावरच्या दुधातून तो बाळाकडे येऊ शकतो, यात कुणाचा दोष नाही, हे आधी तुम्ही दोघांनी मनापासून मानलं पाहिजे, तुमच्या चेहऱ्यावर राग दिसला की पोरीला तो लगेच कळतो. माझ्या मनात दाजींबद्दल राग होता, त्यावरसुद्धा त्या माझ्याशी वेगळं बसून बोलल्या. खरं सांगतो, भाचीइतकीच गरज आम्हाला होती.

भाचीशी बोलणं पण एका दमात उरकलं नाही. आधी नुसतं चित्र काढून, रक्तात आपले शिपाई असतात, एक जंतू त्यांना त्रास देतो, गोळी त्या जंतूला झोपवून ठेवते. नाव नाही घेतलं. हे तिच्या डोक्यात नीट बसेपर्यंत दोन-तीन महिने गेले, दरवेळी मॅडम तिलाच विचारायच्या की मागच्या वेळी आपण काय बोललो, आणि तिने सांगितलं की मगच पुढे. नाव सांगायचं ते आम्ही, घरच्यांनी, त्यांच्यासमोर, असं ठरलं होतं. शाळेची परीक्षा संपल्यावरचा दिवस मुद्दाम निवडला, म्हणजे नंतर आम्ही घरी असू आणि ती कधीही काहीही विचारू शकेल.

मी सांगितलं, बाळा त्या जंतूचं नाव एचआयव्ही. ती बराच वेळ पेन्सिलचं टोक कागदावर फिरवत राहिली, मग विचारलं, मग मी डबा शेअर करायचा की नाही. मॅडम म्हणाल्या, करायचा, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने काही होत नाही. मग म्हणाली, आई गोळ्या घेत नव्हती का. हा प्रश्न आमच्या वहीत नव्हता. मी जे खरं होतं तेच सांगितलं, आईला कळलंच फार उशिरा, तोपर्यंत टीबी झाला होता, तुझं लवकर कळलं म्हणून तुझ्या गोळ्या लवकर सुरू झाल्या. तिने मान हलवली. त्या रात्री मामीजवळ झोपली, पुढचे काही दिवस जरा गप्प होती, चिडचिड पण झाली, मॅडमनी हे होईल म्हणून आधीच सांगितलं होतं त्यामुळे आम्ही घाबरलो नाही. आता व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट आला की आकडा किती ते तीच विचारते.

लग्न, मुलंबाळं हे विषय आत्ता नकोत, ती विचारेल तेव्हा, पण उत्तर तुम्हाला माहिती पाहिजे म्हणून मॅडमनी आम्हाला आधीच सांगून ठेवलंय की गोळ्या नियमित घेतल्या आणि विषाणू तपासणीत सापडेनासा झाला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला होत नाही, आणि औषधं चालू असली तर बाळाला होण्याचा धोकाही अगदी कमी होतो. हे ऐकून आमचाच जीव भांड्यात पडला.

कुणाला सांगायचं, कुणाला नाही, यावर पण छान बोलल्या. लपवायचं म्हणून नाही, आपली खासगी गोष्ट म्हणून, आधी मामा-मामीला विचारायचं. शाळेला सांगायची सक्ती नाही. 2017 चा एचआयव्ही एड्स कायदा आहे, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालाय, त्यात संमतीशिवाय कुणाची माहिती फोडता येत नाही, आणि शाळा प्रवेश नाकारू शकत नाही की दवाखाना उपचार. हे आम्हाला आधी माहिती असतं तर बरं झालं असतं, कारण एका खासगी दाताच्या दवाखान्यात फाइल बघून भाचीसमोरच कुजबुज सुरू झाली आणि आम्हाला दुसरीकडे जा म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर ती विचारत होती, मी काय केलं. पोरांना हे असं बाहेरून कळू नये म्हणून तर ही सगळी तयारी.

आता कमी काय ते पण लिहितो. गर्दी भयंकर. काउन्सिलर दोघंच, सकाळी लाइन लागली की दुपार होते, ज्यांचं पोट रोजावर आहे त्यांची त्या दिवसाची मजुरी गेलीच. लहान मुलांसाठी वेगळी खोली नाही, पार्टिशनच्या पलीकडचं बोलणं ऐकू येतं, मॅडम मुद्दाम हळू आवाजात बोलतात पण तेवढ्याने भागत नाही. बदली झाली तर नवीन माणसाशी पुन्हा पहिल्यापासून, ही भीती कायम असते.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो खोलीसाठी, मॅडमना पाचच्या पाच. जाणार असाल तर ग्रीन बुक, म्हणजे सेंटरने दिलेलं उपचाराचं हिरवं पुस्तक, बरोबर घ्या, पहिल्या वेळी पोराला न घेता जा, आणि गोळ्यांच्या लाइनीत उभं राहून हा विषय काढू नका, काउन्सिलरकडे वेगळी वेळ मागा, दुपारनंतर मिळते. सेंटर लांब असेल तर आधी 1097 ला फोन करा, टोल फ्री आहे. वेगळ्या खोलीसाठी आम्ही नोडल ऑफिसरकडे, म्हणजे सेंटरच्या प्रमुखांकडे, लेखी अर्ज दिलाय, अजून काही पालकांनी सह्या केल्यात, तुमच्या सेंटरला हीच अडचण असेल तर तुम्हीही द्या.