भूल देणाऱ्या नर्सच्या परीक्षेचा प्रश्नसंच: घ्या, पण तीनच महिन्यांचा

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कशाचा कापला ते पुढे येईलच.

मी मिरजेची. नर्सिंग तिकडे केलं, मग ओहायोत आयसीयूची चार वर्षं, आणि त्यावर नर्स ॲनेस्थेटिस्टचा तीन वर्षांचा डॉक्टरेटचा कोर्स. आई अजून फोनवर विचारते, "अगं, भूल तर डॉक्टर देतात ना?" आपल्याकडे डॉक्टरच देतात, तिचं बरोबर आहे. अमेरिकेत नर्सेस शंभराहून जास्त वर्षं देताहेत, हे तिला सांगून झालंय. पटलेलं नाही.

कोर्स संपला की राष्ट्रीय परीक्षा. तीन तास, कमीत कमी १०० आणि जास्तीत जास्त १७० प्रश्न. आधीचं उत्तर बघून संगणक पुढचा प्रश्न काढतो. त्या धास्तीनं मी शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात या प्रश्नसंचाचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेऊन टाकलं.

उत्तर चुकलं की खाली येणारं स्पष्टीकरण, यासाठी पैसे मोजावेत. डेस्फ्लुरेन या श्वासातून द्यायच्या भुलीच्या औषधाचा व्हेपोरायझर, म्हणजे औषधाची वाफ करणारं यंत्र, वेगळा का, हे मी तीनदा पाठ करून तीनदा विसरले होते. इथे सरळ लिहिलंय: हे औषध २३ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, म्हणून त्याचा व्हेपोरायझर विजेवर ३९ अंशांना तापवून ठेवतात, वाफेचा दाब कायम राहावा म्हणून. मिरजेच्या मे महिन्यात बाटलीचं झाकण उघडलं असतं तर काय झालं असतं, असा विचार आला आणि मग कधीच विसरले नाही.

आता कापलेला दीड तारा. मॅलिग्नंट हायपरथर्मिया म्हणजे भुलीच्या काही औषधांनी अंगाचा ताप जिवावर बेतेल इतका चढणं; त्याच्या गणितात हा संच डॅन्ट्रोलीन या त्यावरच्या औषधाच्या जुन्याच बाटल्यांवर अडकलाय. ७० किलोचा पेशंट, किलोला अडीच मिलिग्रॅम, म्हणजे १७५ मिलिग्रॅम. २० मिलिग्रॅमच्या नऊ बाटल्या, प्रत्येकीत ६० मिलि पाणी घालून हलवत बसायचं. गणित बरोबर, पण आमच्या थिएटरच्या गाडीत २५० मिलिग्रॅमची नवी बाटली असते, तिला ५ मिलि पाणी पुरतं. तिच्यावर एकही प्रश्न नाही. शिवाय फोनवर कॅल्क्युलेटर उघडला की प्रश्नच झाकला जातो. कळवलं होतं. उत्तरादाखल आभाराचा ईमेल आला.

आणि वर्षभराचं घेऊ नकाच. कोर्समध्ये भूल देण्याच्या किमान ६०० केसेस पूर्ण करायच्या असतात. पहाटे साडेपाचला मशीन तपासायचं, सक्शन चालतंय ना बघायचं, औषधं भरून लेबलं लावायची. संध्याकाळी घरी आल्यावर कुकर लावण्यापलीकडे जीव उरत नाही. माझे नऊ महिने ॲप न उघडताच गेले. खरा अभ्यास शेवटच्या तीन महिन्यांत झाला, बराचसा हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून.

न वापरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का विचारलं. मिळत नाहीत.