कंपोझिट डेकिंग : चार वर्षं वापरून झाल्यावर

घरामागचा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा उघडा ओटा, काढून कंपोझिटचा केला त्याला आता चार वर्षं झाली, आणि ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं विचारतं की घ्यावा का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. माझं उत्तर हो आहे, पण बोर्ड हातात धरून बघा मग ठरवा, नुसत्या कॅटलॉगवरून नका ठरवू.

लाकडाला आम्ही खरंच कंटाळलो होतो. दर एक-दोन वर्षांनी घासा, तेल लावा, ते वाळेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही, आणि एवढं करूनही कोपऱ्यातल्या दोन फळ्या कुजल्याच. त्यात धाकटीच्या तळपायात कूस गेली, काढताना इतकी रडली की त्याच दिवशी ठरवलं, आता लाकूड नको.

कंपोझिट म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक, ढोबळमानाने अर्धं-अर्धं, गरम करून साच्यातून दाबून काढलेलं. कूस निघत नाही, तेल-पॉलिशची भानगड नाही. पण भुसा शेवटी भुसाच, पाणी मिळालं की पितो आणि बुरशीही धरतो. १९९० च्या दशकातले सुरुवातीचे बोर्ड वरून उघडेच असायचे, त्यांचा रंग उडायचा, काळे ठिपके यायचे, आणि अजूनही कोणी "कंपोझिट बेकार असतं" म्हणालं तर बहुतेक वेळा त्यांनी तेच जुने बोर्ड पाहिलेले असतात. साधारण २०१० नंतर कॅपवाले बोर्ड रुळले, म्हणजे बोर्ड बनतानाच त्यावर प्लास्टिकचं पातळ कवच चढवलेलं असतं. स्वस्तात बिनकॅपचे आजही मिळतात, माझं ऐका, ते घेऊ नका.

दुकानात गेलात की वरचा रंग नंतर बघा, आधी कापलेलं टोक बघा. कवच तीन बाजूंनी आहे की चारही बाजूंनी ते तिथेच कळतं. डेक जमिनीलगत असेल, खाली ओल राहत असेल तर चारही बाजूंचं घ्या. आमचा उंचावर आहे, खालून वारा खेळतो, त्यामुळे तीन बाजूंचं चाललं. आणि बोर्ड भरीव आहे की आतून पोकळ तेही बघा. पोकळ हलका पडतो पण टोकं बंद केली नाहीत तर आत पाणी साचतं. आम्ही भरीव घेतला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बसवणं. कंपोझिट लाकडापेक्षा जास्त लवचिक असतं, म्हणून खालचे आडवे जॉइस्ट, म्हणजे फळ्यांना आधार देणारे दांडे, एकमेकांच्या जवळ लागतात, सरळ फळ्यांना बहुतेक कंपन्या ४०० मिमी सांगतात, तिरक्या टाकायच्या तर ३०० मिमी. जुना सांगाडा वापरायचा विचार असेल तर हे अंतर आधी मोजा. आणि उन्हात ही फळी लांबीला वाढते, चार मीटरच्या फळीत काही मिलिमीटर सहज. आमच्याकडे आलेल्या माणसाने थंडीतल्या सकाळी फळ्या भिंतीला घट्ट टेकवून बसवल्या, मी विचारलं तर म्हणाला फट ठेवली की घाण दिसते. उन्हाळा आला आणि तीन फळ्या मधून कमानीसारख्या उचलल्या! टोकं कापून पुन्हा बसवायला लागल्या. वॉरंटीत बसलं नाही, कारण बसवण्याच्या सूचनेत फट किती ठेवायची ते आकड्यात लिहिलेलं होतं. पंचवीस वर्षांची वॉरंटी ऐकून हुरळू नका, रंग उडणं आणि डाग कव्हर आहेत का, फळी बदलायची मजुरी कोण देणार, हे वाचून घ्या.

उन्हाचं अजून एक. गडद रंग दुपारी एवढा तापतो की अनवाणी उभं राहवत नाही. नमुन्याचे तुकडे मागून घ्या, भर उन्हात तासभर ठेवा आणि त्यावर पाय ठेवून बघा. मला गडद चॉकलेटी फार आवडला होता, पण त्या एका तासानंतर फिका राखाडी घेतला आणि मुली आता तिथे अनवाणी खेळतात. शिवाय समोर उष्णता परतवणाऱ्या काचेची मोठी खिडकी असेल तर तिची तिरीप एकाच जागी पडून बोर्ड वितळू शकतो, जागा ठरवताना याचा विचार करा.

देखभाल कमी आहे, शून्य नाही. फटीतली पानं मी आठवड्याला काढते, कारण बुरशी त्या कुजलेल्या कचऱ्यावरच वाढते, आणि वर्षातून दोनदा साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, बस. तेल सांडलं तर लगेच पुसते. खालून रबर असलेलं पायपुसणं मात्र ठेवू नका, आमच्या दाराशी त्याचा पिवळट चौकोन उमटलाय आणि काही केल्या जात नाही.

खोल ओरखडा घासून काढता येत नाही, कवचच जातं, म्हणून त्याच लॉटच्या दोन फळ्या जास्तीच्या घेऊन ठेवा. मागच्या वर्षी जड कुंडी ओढताना एक फळी चांगलीच खरवडली, फळ्या धरून ठेवणाऱ्या लपलेल्या क्लिपांमुळे शेजारच्याही सैल कराव्या लागल्या, अर्धा दिवस गेला, पण घरात ठेवलेली फळी रंगाला जुळली.