इन्फ्रारेडच्या नावाखाली साधाच कॅमेरा गळ्यात मारला

सेकंडहँड 'कन्व्हर्टेड' कॅमेरा, म्हणजे सेन्सरपुढची मूळ काच बदलून इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) टिपायला तयार केलेला कॅमेरा, शोधत असाल तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे 32,350 गेले. बुकिंगचे 9,500, 'पॅक झाला' असा फोटो पाठवून उरलेले 21,000 आणि वर कुरिअरच्या विम्याचे म्हणून 1,850. विमा नव्हताच, हे सांगायला नको.

बाकी पद्धत ओळखीची. जाहिरात साइटवर, बोलणं बाहेर, 'अजून दोघं मागतायत' अशी घाई. हे मला कळत नव्हतं असं नाही, म्हणूनच मी पुरावा मागितला. व्हिडिओ कॉलवर त्याने टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरला, बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ठिपका लुकलुकला. जिथे पाहाल तिथे हीच चाचणी सांगतात. पण रिमोटचा इन्फ्रारेड दिवा साधारण 940 नॅनोमीटरचा (हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप) असतो आणि सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच त्यातलं थोडंफार सोडतेच. म्हणजे साध्या कॅमेऱ्यातही फिका जांभळट ठिपका दिसतो. ही चाचणी आजपासून विसरा.

खरी गोम नमुन्याच्या फोटोत होती, आणि तीच आठवली की अजून डोकं फिरतं. तळ्याकाठची झाडं, पानं पांढरीशुभ्र, आकाश काळंभोर, आणि काठावर लालभडक फुलं. लाल! 720 चा फिल्टर, म्हणजे मूळ काचेच्या जागी बसवलेली 720 नॅनोमीटरखालचा प्रकाश अडवणारी काच, डोळ्यांना दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळा अडवतो, त्यात पाकळ्याही पानांसारख्या पांढुरक्या पडतात. लाल उरेल कुठून? कुणीतरी साधा रंगीत फोटो घेऊन हिरव्याचा तेवढा पांढरा केला होता, आकाश काळं केलं होतं आणि फुलं राहून गेली होती. मी तो फोटो झूम करून पाहिला होता हो! फुलं खटकलीसुद्धा. पण 590 च्या फिल्टरला थोडे रंग राहतात असं वाचलेलं, म्हटलं दोन्हींचे फोटो एकत्र टाकले असतील. काहीच वाचलं नसतं तर सरळ विचारलं असतं.

रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मागितली तर 'फाइल फार मोठी आहे' म्हणून जेपीजी पाठवला. जेपीजीवर कुणी काहीही रंगवू शकतं. रॉ नाही तर व्यवहार नाही, विषय संपला. 'इन्फ्रारेडला ट्रायपॉड लागतोच' असंही तो म्हणाला होता. साध्या कॅमेऱ्याला पुढून फिल्टर लावला तर लागतो, कित्येक सेकंदांचं एक्सपोजर द्यावं लागतं. कन्व्हर्ट केलेल्या कॅमेऱ्याने उन्हात हातात धरूनच फोटो निघतात, त्यासाठीच तर माणूस एवढे पैसे मोजतो.

कॅमेरा आला. खाली '720' असं स्टिकर, मेनूत ब्लॅक अँड व्हाइट लावून ठेवलेलं. उन्हातलं गवत मळकट करड्या रंगाचं आलं. लेन्स काढून आत पाहिलं. 720 ची काच काळपट लाल दिसते, इथे हिरवट-निळसर झाक. मूळ काच जागच्या जागी!

आता तक्रारीचं ऐका. साइटवाले म्हणाले, पैसे आमच्यामार्फत गेलेले नाहीत. तरीही फॉर्म भरा म्हणाले. त्यात पर्याय तीन: वस्तू मिळाली नाही, वस्तू तुटलेली आहे, रंग वेगळा आहे. मी 'रंग वेगळा' निवडलं, दुसरं करणार काय? त्यावर उत्तर आलं की रंगाची नापसंती हे परताव्याचं कारण होत नाही. बँकेत, 'पैसे तुम्हीच पाठवलेत ना?' मग पोलीस. साहेबांनी कॅमेरा हातात घेतला, खिडकीबाहेरच्या झाडाचा फोटो काढला आणि विचारलं, "चालतोय की. झाडं हिरवी दिसतात, ही तुमची तक्रार आहे का?" मी सेन्सर, काच, नॅनोमीटर सगळं समजावलं. "जो प्रकाश दिसतच नाही त्याचा पंचनामा कसा करू?" शेजारचे हवालदार हसले. वस्तू सांगितली एक आणि दिली दुसरी, याला फसवणूक म्हणायला भौतिकशास्त्र लागतं का? मी साधा कॅमेरा दुप्पट पैशांना घेतलाय, त्यातला फरक परत मागतोय, एवढं सरळ आहे. अर्ज घेतला, पोच मागितली तर 'नंतर या'. नंतर गेलो तर साहेब बदललेले आणि नव्या साहेबांना नॅनोमीटर पहिल्यापासून. पोच हातात पडेपर्यंत टेबलावरून हलू नका.

विकणाऱ्याला एकच सांगा: छापील कागदावर बॉलपेनने माझं नाव लिही, उन्हात धर, फोटो काढ, रॉ पाठव. बहुतेक बॉलपेनची शाई इन्फ्रारेडमध्ये दिसेनाशी होते, काळी छपाई तशीच राहते. आधी दोन-तीन पेनं लावून बघ म्हणावं. नाव उडालं आणि छपाई उरली तर पुढचं बोला. 'सध्या बाहेरगावी आहे' असं उत्तर आलं तर नंबर ब्लॉक करा. मला तेच आलं होतं, फक्त रिमोट मात्र त्याच्या हाताशी होता.