रिमोट माझा, गाडी मामेभावाची

बाबांची गाडी आता मी वापरते. जुनी आहे, पण सेंट्रल लॉकिंग कंपनीचंच. ड्रायव्हरच्या दारात किल्ली फिरवली की बाकीची तीन दारं खटाखट बंद व्हायची. रिमोट तेवढा नव्हता. बाबांच्या बोटांना संधिवात आहे, बारीक किल्ली चिमटीत धरून फिरवणं त्यांना जड जातं, आणि अधूनमधून ते अजून गाडी काढतात. म्हणून बाहेरून रिमोटचं किट बसवून घ्यायचं ठरवलं. एवढ्याशा कामात माणसाला किती बाजूंनी फसवता येतं, ते पुढच्या दीड महिन्यात कळलं. दुसऱ्या कुणाची गाडी अशी उघडी पडू नये म्हणून जसं घडलं तसं सांगते.

मामेभावाने महिन्याभरापूर्वीच एकाकडून किट बसवून घेतलं होतं. मीही त्याच्याकडेच गेले. बसवणारा बोलायला गोड. "ताई, रोलिंग कोड आहे. दर वेळी कोड बदलतो, कुणाला कॉपी करता यायचा नाही. आणि तुमची एकही वायर कापणार नाही, सगळं कपलर टू कपलर, प्लगला प्लग." खोक्यावरही रोलिंग कोड असं ठळक छापलेलं होतं. माझं समाधान झालं आणि गाडी सोडून मी घरी आले.

दोन तासांनी त्याचा फोन. तीन दारांच्या लॉक मोटरी गेल्या आहेत, बदलाव्या लागतील. सकाळपर्यंत तर चालत होत्या, मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, "किल्लीवर चालतात ताई, पण रिमोटचा लोड घेत नाहीत." हे वाक्य तुमच्या कानावर आलं तर तिथेच काम थांबवा. मोटरला १२ व्होल्ट मिळाले की ती दांडी ढकलते, उलटे मिळाले की आत ओढते. ते व्होल्ट किल्लीच्या स्विचमुळे आले की रिमोटच्या रिलेमुळे (रिले म्हणजे विजेवर चालणारा स्विच), याने तिला काही फरक पडत नाही. रिमोटचा वेगळा लोड असा नसतोच. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. फक्त काढलेल्या मोटरी परत द्या एवढं बजावलं. त्याने त्या कुरकुरत पिशवीत घालून डिकीत टाकल्या. पुढे त्याच कामाला आल्या.

पहिले काही दिवस सगळं छान. बाबा तर दोन-तीनदा उगाचच खाली जाऊन बटण दाबून आले. मग एकदा गाडी लॉक करून आठवडाभर उभी राहिली, आणि नंतर किल्ली फिरवल्यावर नुसतं टक टक टक. बॅटरी आठ महिन्यांची होती. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, बॅटरीच खराब लागली असेल, किटचा काही संबंध नाही. बॅटरी चार्ज करून आणली. पुन्हा चार-पाच दिवस उभी राहिली की तेच.

त्याच सुमाराला रिमोट अगदी दाराशी गेल्याशिवाय चालेना. सेल बदलायला म्हणून तो उघडला. आत बारकीशी हिरवी पट्टी, त्यावर १८ पायांची एक चिप, आणि तिच्यावर २२६२ हा आकडा. चिपच्या शेजारी कथलाचा डाग द्यायचे बारीक ठिपके दोन रांगांत, एका रांगेला एच लिहिलेलं, दुसऱ्या रांगेला एल. सगळे ठिपके कोरे, एकावरही कथलाचा थेंब नाही.

या आकड्याचा माग काढल्यावर पोटात गोळा आला. ही चिप रोलिंग कोडची नव्हेच. ती ठरलेला एकच कोड पाठवते, आज, उद्या, वर्षानंतरही तोच. कोड ठरतो त्या ठिपक्यांवर. चिपचा प्रत्येक पत्त्याचा, म्हणजे कोड ठरवणारा, पाय एचला जोडायचा, एलला जोडायचा किंवा मोकळा ठेवायचा. असे आठ पाय, प्रत्येकाला तीन पर्याय, म्हणजे फक्त ६,५६१ कोड. माझ्या रिमोटमध्ये आठही पाय मोकळे होते. म्हणजे कारखान्यातून जसा निघाला तसाच. मग त्याच खोक्यांतले बाकीचे रिमोट?

संध्याकाळी मामेभावाकडे गेले. त्याची गाडी वेगळ्या कंपनीची, वेगळ्या रंगाची, कुंपणाजवळ उभी. नवा सेल घातलेला माझा रिमोट तिच्याकडे करून बटण दाबलं. इंडिकेटर दोनदा लुकलुकले आणि चारही दारांचे खटके वर आले. तो माझ्या शेजारीच उभा होता. काही न बोलता त्याने स्वतःचा रिमोट काढला, माझ्या गाडीकडे धरला, आणि माझीही गाडी उघडली. आमच्या दोघांच्याही गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, नाही. दार उघडलं की पुढे अडवणारं फारसं काही नाही.

खरा रोलिंग कोड कसा चालतो हे इथेच सांगते, कारण याच शब्दावर फसवतात. रिमोटमध्ये एक मोजणी चालू असते. प्रत्येक दाबाला ती एकाने पुढे जाते, आणि तो आकडा गुप्त किल्लीने गुंतवून पाठवला जातो. गाडीतला रिसीव्हर शेवटचा आकडा लक्षात ठेवतो आणि मागचा आकडा पुन्हा आला तर ढुंकूनही बघत नाही. खिशात बटण दोन-चारदा चुकून दाबलं गेलं तरी बिघडत नाही, कारण पुढच्या काही आकड्यांची सूट ठेवलेली असते. मायक्रोचिप कंपनीची एचसीएस३०१ ही अशा रिमोटमधली जुनी, माहितीतली चिप. तीही अभेद्य नाही, तिच्यामागची कीलॉक पद्धत संशोधकांनी २००७-०८ च्या सुमारास फोडून दाखवली. पण तिथे हल्ला करायला अभ्यास आणि यंत्रं लागतात. माझ्या रिमोटची नक्कल गेटच्या रिमोटची कॉपी करणाऱ्या स्वस्तातल्या रिमोटने काही सेकंदांत झाली असती.

बसवणाऱ्याकडे आम्ही दोघं मिळून गेलो. त्याने आधी अंगावर घेतलंच नाही, "योगायोग आहे" म्हणाला. तेव्हा त्याच्याच दाराशी काम संपवून उभ्या असलेल्या एका गाडीकडे मी रिमोट धरला. तीही उघडली. तिचा मालक आत बिल देत होता, तो धावत बाहेर आला. एवढं झाल्यावर मला किटचे पैसे मिळाले. मोटरींचे आणि मजुरीचे मिळाले नाहीत, ते आजतागायत नाहीत.

नंतर एका जुन्या, कमी बोलणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डखालचं पॅनेल उतरवलं आणि मला वाकून बघायला लावलं. कंपनीच्या हार्नेसमधल्या (वायरींच्या जुडग्यातल्या) पाच वायरी मधोमध कापलेल्या, पीळ देऊन टेप गुंडाळलेली. एका जोडावरची टेप उष्णतेने चिकट होऊन सरकलेली, तांबं उघडं. किटच्या लाल वायरला फ्यूजच नाही, ती थेट सतत करंट असलेल्या वायरला पिळलेली. ते उघडं तांबं पत्र्याला टेकलं असतं तर वायर पेटू शकली असती. मला सगळ्यात जास्त राग याचा आहे. पैसे गेले ते गेले, पण त्या गाडीत बाबा एकटे बसून जात होते.

बॅटरीचं कोडंही त्याने सोडवलं. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलमध्ये मल्टिमीटर लावला, गाडी लॉक केली, अर्धा तास थांबला. मीटरवर १८० मिलिअँपिअर. किटचा कपलर ओढला, आकडा २२ वर आला. गाडी बंद असताना साधारण ५० च्या आत असेल तर ठीक. पोलॅरिटी (प्लस-मायनस) जुळवायला म्हणून बसवलेला एक जादा रिले चुकीचा जोडला होता, गाडी लॉक असेपर्यंत तो चालूच राहून करंट खायचा. १८० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला चार अँपिअर-अवरहून (बॅटरीतल्या साठ्याचं माप) जास्त. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत निम्मी होणारच. आणि मी त्या बिचाऱ्या बॅटरीला दोष देत होते.

शेवटी डिकीतली पिशवी काढली. त्याने प्रत्येक मोटरच्या दोन वायरींना १२ व्होल्ट दिले. दांडी सटकन बाहेर. वायरी उलट केल्या, सटकन आत. तिन्ही मोटरी धडधाकट. त्याच परत बसवल्या.

दुसरं किट घेताना मी आधी रिमोट उघडून चिप बघितली. चिपवरचा आकडा खरवडलेला असेल तर ते किट घेऊ नका. आकडा दिसूनही खात्री होत नसेल तर कॉपी करणारा रिमोट आणून त्याच्याकडून नक्कल करवून पाहा. त्याने पुन्हा पुन्हा दार उघडलं तर कोड बहुधा ठरलेला आहे. आमच्या गाडीचं लॉकिंग निगेटिव्ह ट्रिगरवर, म्हणजे लॉकच्या वायरला मायनस मिळालं की, चालतं, हे नवं किट बसवणाऱ्याने वायर कापण्याआधी मीटरने बघितलं. त्या आधीच्याने बघितलंच नव्हतं, म्हणून तो जादा रिले. फ्यूज लाल वायर जिथून निघते तिथेच लावून घेतला. जोड डाग देऊन, वर आवळणारी नळी चढवून झाले, आणि पॅनेल बंद होण्याआधी मी त्यांचे फोटो काढले.

अजून एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. शिकणारा रिसीव्हर, म्हणजे ज्याला नवे रिमोट ओळखायला शिकवता येतात तो, दोनाहून जास्त रिमोट लक्षात ठेवू शकतो. बसवणाऱ्याने तिसरा शिकवून स्वतःजवळ ठेवला तर तुम्हाला कळणारही नाही. म्हणून काम झाल्यावर मी मेमरी पूर्ण पुसायला लावली, दोन्ही रिमोट चालत नाहीत याची खात्री केली, आणि मग माझ्या डोळ्यांसमोर तेच दोन पुन्हा शिकवून घेतले. त्यातला एक बाबांच्या किल्लीला आहे.