उद्यमबागेत ट्रॉलीचा जॅक दुरुस्त करून घेताना

डंपिंग ट्रॉलीचा जॅक गळायला लागला की बेळगाव, खानापूर, हुक्केरीकडची मंडळी थेट बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत गाठतात, आणि ते बरोबरच आहे. हायड्रॉलिक्स हा बेळगावचा जुना धंदा. लेथ, होनिंग, ग्राइंडिंग, हार्ड क्रोम, सीलची दुकाने, होस क्रिंप करून देणारे, सगळे एकाच वसाहतीत सापडते. एका ठिकाणी क्रोम होत नसेल तर तुमचा रॉड पुढच्या शेडमध्ये जाऊन येतो. मशीनच्या कामाला तोड नाही.

निदान मात्र कच्चे. "जॅक काढून आणा, उघडून बघू" हे बहुतेक वर्कशॉपमधले पहिले वाक्य. एकदा उघडला की सील बदलले जाणारच आणि बिल होणारच. दोष ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमध्ये असेल तर नवे सील घातलेला जॅक घरी येऊन पहिल्यासारखाच बसतो. म्हणून जॅकचे बोल्ट सोडण्याआधी एक तपासणी शिवारातच करावी.

ट्रॉलीचा जॅक सिंगल ॲक्टिंग असतो. तेल फक्त वर ढकलायला लागते, खाली येणे हौद्याच्या वजनाने. त्यामुळे टप्प्याटप्प्यांच्या, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या, टेलिस्कोपिक जॅकमध्ये सील खराब झाले तर तेल बाहेरच येणार. त्याला आत लपून गळायला दुसरी जागाच नाही. जुन्या पिस्टनवाल्या एकेरी जॅकला वरच्या अंगाला श्वासाचे भोक असते, तिथून तेल येते. पण ते दिसते. हौदा हळूहळू बसतोय आणि जॅक कोरडा ठणठणीत आहे, तर जॅकला हात लावू नका. तेल परत ट्रॅक्टरमध्ये चालले आहे.

हे बघायची रीत सोपी आहे. ट्रॉली रिकामी करून सपाट जागेवर घ्या, हौदा अर्धा उचला आणि खाली लोखंडी टेकू उभा करा. टेकू आणि हौदा यांत चार बोटांची फट ठेवा, म्हणजे बसला तरी तेवढाच बसेल. इंजिन बंद करून चासीपासून हौद्यापर्यंतची उंची टेपने मोजा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. उंची कमी झाली आणि जॅकवर ओल नाही, तर जॅकजवळचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून तेच परत करा. आता बसणे थांबले म्हणजे दोष ट्रॅक्टरच्या कंट्रोल व्हॉल्व्हचा. तिथून पुढे काम ट्रॅक्टर मेकॅनिकचे, जॅकवाल्याचे नव्हे. लाइनला बॉल व्हॉल्व्ह नसेल तर अर्धा इंची, हाय प्रेशरचा बसवून घ्या, पाण्याच्या लाइनचा पितळी नको. पण व्हॉल्व्ह बंद केला म्हणून टेकूशिवाय हौद्याखाली डोके घालू नका. आणि होसची गळती हाताने चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून येणारे तेल कातडी भेदून आत शिरते. पुठ्ठा धरून बघा.

जॅक खरोखरच गळतोय, असे ठरले की उद्यमबागेत न्यावा. नेण्याआधी गळती कुठल्या टप्प्याची आहे ते खडूने लिहून ठेवा. उभ्या जॅकवर तेल ओघळून खालपर्यंत येते आणि वर्कशॉपमध्ये जॅक आडवा पडल्यावर सगळेच टप्पे माखलेले दिसतात. टप्पे कुठल्या क्रमाने उघडतात तेही पाहून ठेवा. मोठा टप्पा आधी, बारीक शेवटी, हा नियम. बारीक टप्पा आधी बाहेर येत असेल तर मोठा कुठेतरी अडकतोय: वाकलाय, माती शिरलीय, किंवा मागच्या दुरुस्तीत सील जास्त घट्ट बसलेय.

आता वर्कशॉपमध्ये काय होते ते. सर्क्लिप काढून टप्पे ओढणे, धुणे, जुने सील उचकटणे, हे सगळीकडे सारखेच. फरक पडतो तो नंतरच्या मापांत. चांगला कारागीर जुन्या सीलवर व्हर्नियर लावत नाही, सील बसते त्या खाचेवर लावतो: खाचेचा व्यास, रुंदी, खोली. जुने सील तेलात फुगलेले किंवा झिजलेले असते, त्याच्या मापाने नवे आणले की एकतर टप्पा जाम होतो, नाहीतर आठवड्यात गळतो. आपल्याकडचे बरेच जॅक इथल्याच कारखान्यांत बनलेले, आणि प्रत्येकाची खाच वेगळी. तयार किट मिळेलच असे नाही. म्हणून ही मापे बिलाच्या मागे लिहून मागा. पुढच्या वेळी काउंटरवर अर्धा तास वाचतो.

सील पॉलियुरेथेनचे घ्यावे की साध्या नायट्राइल रबराचे? घासणाऱ्या जागेला पॉलियुरेथेन. माती-मुरूम ओढणाऱ्या ट्रॉलीत ते झिजेला जास्त टिकते. रबराच्या ओ-रिंग स्थिर जागी ठीक. सीलमागे टेफ्लॉनची बॅकअप रिंग जिथे होती तिथे ती परत पडलीच पाहिजे. ती विसरली तर दाबाखाली सील फटीत घुसते आणि त्याची कड कुरतडल्यासारखी तुटते. जुन्या सीलची कड अशी तुटलेली दिसली तर नुसते सील बदलून भागणार नाही, फट का वाढली ते शोधावे लागेल. यू-सीलचे ओठ तेलाच्या दाबाकडे, हे सांगायची गरज पडू नये. पण घाईच्या दिवसांत उलटे बसलेले सील पाहायला मिळते.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे वायपर, टप्प्याच्या तोंडाशी बसणारी, माती पुसून काढणारी कड. काही जण "चांगलाय हो" म्हणत जुनाच ठेवतात. वायपर कडक झाला की शेणखताचा चिकटा आणि मुरमाची कच आत जाते आणि नव्या सीलचा फडशा पाडते. अख्ख्या कामात स्वस्तातली वस्तू तीच. ती बदलली नाही तर काम अर्धे समजा.

जॅक उघडा असताना आतली गाइड रिंग, म्हणजे टप्प्याला सरळ सरकवणारी कडी, हातात घेऊन बघा. ती सगळीकडून सारखी झिजली असेल तर वयाने झिजली. एका बाजूला कागदासारखी पातळ, समोरच्या बाजूला मात्र मशीनच्या रेघाही शाबूत, अशी असेल तर दोष जॅकमध्ये नाहीच. जॅकच्या खालची पिन नाहीतर बुश सुकून जाम झालाय आणि हौदा उचलताना जॅकला झुकायला वाव मिळत नाही. सगळा बाजूचा भार गाइडवर येतो. अशा जॅकला सोन्याचे सील घातले तरी एका हंगामात गळेल. पिन-बुश बदला, ग्रीस निप्पल मोकळे करा, आणि दर आठवड्याला ग्रीस द्या. उद्यमबागेतले कारागीर हे ओळखतात, पण ट्रॉली समोर नसते. त्यांच्यापुढे फक्त जॅक असतो. म्हणून जमेल तर ट्रॉलीच घेऊन जा. तेवढे डिझेल वसूल होते.

क्रोमबद्दल थोडे सावध. टप्प्यावर नखाला लागणारी उभी रेघ असेल तर ती प्रत्येक फेरीला सील कापते. बारीक ओरखड्याची वर आलेली कड ऑइल स्टोनने मारून चालते. क्रोम सुटून गंजाचे खड्डे पडले असतील तर पॉलिश पेपरने काही होत नाही. जुने क्रोम काढायचे, ग्राइंड करायचे, नवे चढवायचे आणि पुन्हा ग्राइंड-पॉलिश करायचे. तयार थर साधारण २० ते ३० मायक्रॉन असावा. एक प्रश्न आवर्जून विचारा: क्रोमची टाकी चालू असताना वीज गेली तर जनरेटर आहे का? क्रोम चढताना प्रवाह तुटला की दोन थर एकमेकांना नीट धरत नाहीत आणि पुढे खवले सुटतात. नव्या क्रोमचे खवले हेच बहुतेकदा सांगत असतात.

वाकलेल्या टप्प्याला प्रेसमध्ये सरळ करून देण्याची तयारी बहुतेक जण दाखवतात. भरीव रॉड थोडा वाकला असेल तर एकवेळ ठीक, पण क्रोमला तडे गेले का ते बघायला हवे. पोकळ नळी मात्र प्रेसखाली अंडाकृती होते. व्ही-ब्लॉकवर ठेवून, वाक मोजायचा डायल लावून दाखवायला सांगा. एका मीटरमागे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाक असेल तर नवी नळी टाकणेच परवडते.

आता "प्रेशर वाढवून देतो" या प्रकाराबद्दल. हौदा उचलत नाही अशी तक्रार घेऊन गेले की काही जण ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाबाची मर्यादा ठरवणारा) पिळायचा सल्ला देतात. ऐकू नका. हिशेब साधा आहे. १०० मिलिमीटरचा टप्पा १५० बारला साधारण १२ टन ताकद देतो, ८० चा सुमारे ७.७ टन आणि ६० चा ४.३ टन. म्हणजे उचलायच्या सुरुवातीला, जेव्हा भार सगळ्यात जास्त असतो, तेव्हाच जॅक सगळ्यात ताकदवान असतो. तरीही उचलत नसेल तर आधी दाबाचा गेज लावून बघा. दाब होत नसेल तर पंप, फिल्टर, तेलाची पातळी बघा. दाब होतोय तरी उचलत नाही, तर माल जास्त आहे किंवा जॅक अडकलाय. क्विक कपलिंग अर्धवट बसले असेल किंवा होसचे आतले अस्तर सुटले असेल तर हौदा उचलतो, पण रडत रडत. व्हॉल्व्ह पिळून वाढवलेला दाब पंप, होस आणि जॅकचे वेल्ड, तिघांच्या मुळावर येतो. होस बदलायचाच असेल तर दोन तारांचा, म्हणजे आत तारेच्या जाळीचे दोन थर असलेला, घ्या. अर्धा इंची दोन तारांच्या होसचा कामाचा दाब २७५ बार, एका तारेच्या होसचा १६० च्या आसपास. पैशातला फरक थोडा, जीवातला मोठा.

खानापूरकडच्या भातवाल्यांसाठी खास. चिखलणीत ट्रॅक्टरच्या एक्सलमधून पाणी गिअरबॉक्समध्ये जाते, आणि जॅकला तेल तिथूनच मिळते. तेल ताकासारखे पांढरट झाले असेल तर जॅक दुरुस्त करून जुन्याच तेलावर चालवणे म्हणजे आतून गंज चढवणे. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की त्याचे तेल आपल्या जॅकमध्ये आणि तिथून आपल्या ट्रॅक्टरमध्ये येते, हेही लक्षात असू द्या. १००-८०-६० चे, प्रत्येकी ४०० मिलिमीटर चालणारे तीन टप्पे पूर्ण उघडायला सव्वासहा लिटर तेल लागते. दुरुस्तीनंतर जॅक रिकामा येतो, तेवढे तेल ट्रॅक्टर स्वतःच्या पोटातून देतो. पहिल्यांदा भरून झाल्यावर डिपस्टिक बघून पातळी पुरी करा.

दर सांगून उपयोग नाही, ते मापावर ठरतात. पण बिल फोडून मागा: सील, मजुरी, क्रोम, वेल्डिंग वेगवेगळे. सरसकट आकडा सांगणाऱ्याकडे वायपर आणि बॅकअप रिंग गाळली जाण्याची शक्यता जास्त. जुने सीलही परत घ्या. उन्हाळ्याच्या शेवटी शेणखत ओढायच्या गर्दीत जाणे टाळा, एकदा पाऊस लागला की हेच लोक निवांत असतात आणि काम डोळ्यांसमोर करून देतात. बोलायला मराठी, कानडी दोन्ही चालते. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचे उद्यमनगर जवळ पडते, तिथेही हीच मापे मागावीत. उसाच्या ट्रॉलीवाल्यांना यातले फारसे काही लागत नाही म्हणा, कारखान्यावर बहुतेक ठिकाणी ऊस क्रेनच उचलते.

जॅक ताब्यात घेण्याआधी टेस्ट बेंचवर कामाच्या दाबाला दहा मिनिटे धरून दाखवायला सांगा, कोरड्या फडक्याने पुसून. बेंच नसलेल्या ठिकाणी काम देऊ नका. आमच्या मते वर्कशॉप निवडायचा पहिला निकष तोच. घरी बसवताना जॅकच्या आसपास वेल्डिंग लागले तर ते जॅक लावण्याआधी उरका. सील जळतात आणि तेल असलेल्या बंद नळीवर वेल्डिंग करणे जीवावर बेतते. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि अर्थची पकड वेल्डिंगच्या जवळच लावा. मग रिकामा हौदा चार-पाच वेळा सावकाश पूर्ण वर-खाली करा. वरच्या टोकाला हवा काढायचा स्क्रू असेल तर टेकू लावून, हौदा थोडा उचललेला असताना, तो अर्धा आटा सैल करा आणि फेस जाऊन सलग तेल आले की आवळा. झटके देत चढणारा हौदा म्हणजे आत अजून हवा आहे. पहिली खेप अर्ध्या मालाची करा, फाळका आधी उघडा आणि दोन्ही टायरांची हवा सारखी आहे का ते बघून मगच लिव्हर ओढा.