तुरीच्या मर रोगावर काम करताना जेनबँक आणि ब्लास्ट : वापरानंतरचा अनुभव

परभणीकडच्या तुरीला मर रोग नवा नाही. उभं झाड पिवळं पडून वाळतं, खोड चिरलं की आत काळपट तपकिरी रेघा दिसतात. अशा झाडांतली बुरशी वेगळी करून ती ओळखायची, हे माझं काम. त्यासाठी गेले कित्येक महिने जेनबँक (डीएनएच्या नोंदींचा खुला डेटाबेस) आणि ब्लास्ट (आपला डीएनएचा तुकडा त्या नोंदींशी जुळवून बघणारं साधन) वापरतेय.

जेनबँक १९८२ ची. आता ती अमेरिकेतलं एनसीबीआय हे जैवतंत्रज्ञान माहितीचं राष्ट्रीय केंद्र चालवतं, आणि युरोप-जपानच्या डेटाबेसशी तिची रोज देवाणघेवाण होते. शोधायला पैसे लागत नाहीत, खातंही लागत नाही. आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळेला हा फार मोठा आधार आहे.

बुरशीसाठी सगळे आधी आयटीएस हा डीएनएचा तुकडा वाचून घेतात. माझा तुकडा ब्लास्टमध्ये टाकला, तर वरच्या ओळींत फ्युजेरियम उडमही होती आणि फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमही. दोन्हींशी साम्य ९९ टक्क्यांच्या वर, ई-व्हॅल्यू (असं साम्य निव्वळ योगायोगाने किती वेळा मिळेल याचा अंदाज) शून्य. तुरीचा मर उडममुळे होतो हे माहीत असलं, तरी एवढ्यावर नाव कसं लिहायचं? यात ब्लास्टचा दोष नाही. फ्युजेरियमच्या जवळच्या प्रजातींत आयटीएस फारसा बदलतच नाही. टीईएफ-१ अल्फा जनुकाचा तुकडा वाचला तेव्हा त्या वेगळ्या पडल्या.

दुसरं म्हणजे, नोंदीवरचं प्रजातीचं नाव सहसा सिक्वेन्स (वाचलेला डीएनएचा क्रम) जमा करणाऱ्याने दिलेलं असतं. म्हणून पहिली ओळ बघून थांबू नका, नोंद उघडा. कोणत्या पिकावरून घेतली, कुठून, कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली बुरशी) कुठल्या संग्रहात ठेवलंय, ते वाचा. ब्लास्टमध्ये फक्त टाइप मटेरियलचे (प्रजातीचं नाव ज्या मूळ नमुन्याला बांधलेलं असतं त्याचे) सिक्वेन्स शोधायची सोय आहे, ती जरूर वापरा. प्रथिनांसाठी युनिप्रॉट हा डेटाबेस बघताना त्यातल्या स्विस-प्रॉट विभागाच्या नोंदींवर जास्त भर द्या, त्या माणसांनी तपासलेल्या असतात. त्यातल्याच ट्रेंबल विभागाच्या नोंदी संगणकाने भरलेल्या.

आपल्याकडे लाइटचा भरवसा नसतो. शोध सुरू केला की आरआयडी (ब्लास्टने त्या शोधाला दिलेला ओळख क्रमांक) लगेच वहीत उतरवा; लाइट गेली तरी निकाल जवळपास दिवसभर सर्व्हरवर राहतो. मोठं काम सकाळीच लावा, तेव्हा अमेरिकेत रात्र असते.

आता आमचे सिक्वेन्स जमा करतेय. पीक, तालुका, नमुना घेतल्याची तारीख, एकही रकाना मी मोकळा सोडत नाही. ज्या नोंदींत हे रकाने रिकामे होते, त्या मला तुलनेला घेताच आल्या नाहीत.