१४५/७० आर १२ : जुन्या मिनीचे हिवाळी टायर, सहा महिन्यांनंतर

खरं सांगायचं तर हे सगळं एका आकड्याच्या रागातून लिहितोय. आकडा आहे ०९२०. तो कुठे दिसला ते आधी सांगतो, मग टायरांकडे वळू.

जानेवारीतला मंगळवार, सकाळचे पावणेसात, बाहेर उणे चार. दक्षिण जर्मनीत गाइसलिंगेनहून उल्मकडे जाणारा बी-१० रस्ता आम्श्टेटेनपर्यंत चांगलाच चढतो. तो चढ संपता संपता गाडी मागून डावीकडे बसल्यासारखी वाटली. बाजूला घेतली. मागचा डावा टायर चपटा, आणि त्यात छपराचे पत्रे ठोकायला वापरतात तसला जाड स्क्रू. मिनीचा जॅक दाराखालच्या पट्टीतल्या भोकात अडकवायचा असतो, आणि १९९२ च्या गाडीत ती पट्टी आतून किती शाबूत आहे हे जॅक लावल्याशिवाय कळत नाही. एकेक फेरा देताना मी श्वास रोखून पत्र्याचा आवाज ऐकत होतो. कर्रर्र झालं, पण धरलं. चाक काढून बर्फात आडवं टाकलं, तर आतली बाजू वर आली. मोबाइलच्या उजेडात रबरावर लांबट चौकट आणि तिच्यात चार आकडे : ०९२०. म्हणजे २०२० सालचा नववा आठवडा.

टायर मी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'नवे' म्हणून घेतले होते. उरलेल्या तिघांवर ३८२३ आहे.

आता तुम्ही म्हणाल, घेतानाच का नाही बघितलं? बघितलं होतं! पण टायर परस्पर गॅरेजवर आले आणि मी पोचेपर्यंत मिस्त्रींनी चढवूनसुद्धा टाकले होते. हे टायर एकाच दिशेने फिरवायचे असतात, कडेला बाण असतो. तारखेचा शिक्का मात्र एकाच बाजूला. त्यामुळे उजवीकडच्या दोन चाकांवर तारीख बाहेर आली आणि डावीकडच्या दोघांची आत गेली. मी उजवीकडे वाकून दोन्ही ३८२३ वाचले, समाधानाने मान डोलावली आणि पैसे दिले. दुधाचं पाकीट घेतानासुद्धा हात मागे घालून ताजं काढणारा माणूस मी. माझ्याच गाडीखाली साडेचार वर्षांचा टायर नवा म्हणून तीन महिने फिरत होता.

मुळात नवे टायर घ्यावे लागले, हाच आधीचा राग. गाडीबरोबर आलेल्या टायरांवर फक्त 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फाचा शिक्का होता, तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह, म्हणजे खऱ्या हिवाळी टायरची खूण, नव्हती. जर्मनीत २०१७ अखेरपर्यंत बनलेल्या असल्या टायरांना हिवाळ्यासाठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच मुदत होती. माझ्या टायरांवर अजून सहा मिलिमीटर नक्षी शिल्लक होती हो! आमच्याकडे इचलकरंजीत टायर पार गोटा होईपर्यंत चालवायचे आणि मग रिमोल्डला टाकायचे, अशा घरातला मी. रबर जुनं होऊन कडक झालं होतं हेही खरं, पण ते मी तेव्हा मान्य केलं नाही. रस्त्यावर बर्फ किंवा चिखलबर्फ असताना चिन्हाशिवाय सापडलात तर ६० युरो दंड आणि परवान्यावर दंडाचा एक गुण. जुन्या गाडीची 'एच' पाटी लावली की वर्षाचा कर १९१ युरो ७३ सेंटवर थांबतो, पण टायरांच्या बाबतीत ती पाटी काही कामाची नाही.

(हिवाळ्यात जुनी गाडी काढताच कशाला, हा प्रश्न घरातूनही येतो. इथले शहाणे लोक ऑक्टोबरात गाडीवर पांघरूण घालतात ते ईस्टरला काढतात. बायकोचं म्हणणं, ५८ युरोच्या, म्हणजे २०२५ च्या दराच्या तिकिटात महिनाभर ट्रेनने जा आणि त्या गाडीचं देवघर करून टाक. माझं ऑफिस उल्म स्टेशनपासून लांब आहे आणि गाडी मी चालवायला घेतली आहे. विषय संपला.)

माप शोधायला बसलो तेव्हा खरी गंमत कळली. १९५९ ची मूळ मिनी दहा इंची चाकांवर आली होती, त्यासाठी डनलॉपने खास टायर बनवला होता. १९८४ पासून पुढे मोठे डिस्क ब्रेक आले आणि चाकं बारा इंची. एका मित्राने आपल्या जुन्या मिनीची दहा इंची चाकं फुकट देऊ केली होती. जीव खाली-वर झाला, पण माझ्या ब्रेकवर ती बसतच नाहीत. उन्हाळ्यात मी १६५/६० आर १२ वापरतो (पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये; शेवटचा चाकाचा, इंचात). हिवाळ्यासाठी अरुंद टायर बरा, तो बर्फावर तरंगत बसत नाही, खाली दाबून पकडतो. म्हणून १४५/७० आर १२.

बाबांना व्हिडिओ कॉलवर माप सांगितलं तर ते हसायलाच लागले. "अरे लेका, हे तर आपल्या आठशेचं टायर! सांगली रोडला कुठल्याही दुकानात जा, ढीग लावलाय. दोन पाठवू काय कुणाबरोबर?" खरंच आहे, मारुती ८०० चं हेच माप. तिकडे ज्या टायरकडे कुणी ढुंकून बघत नाही, तो इथे हिमकणाच्या चिन्हासकट शोधायचा तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कंपन्या. बारा इंचात बाकी जे दिसतं ते बहुतेक ट्रेलरचं. बाबांना उन्हाळी-हिवाळी रबराचा फरक समजावला : सात अंशांखाली साधं रबर आखडतं, हे मऊ राहतं. ते म्हणाले, "म्हंजे थंडीत स्वेटर घालतोस तसंच की." तसंच.

बारमाही टायरांचा विचार केला होता, माझ्या मापात चिन्हासकट मिळेना. शेवटी हेच घेतले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण कंपनीशी नाही, विकणाऱ्याशी आहे, आणि या मापात पर्याय इतके थोडे की शोधणाऱ्याला दोन मिनिटांत सापडेल. एक टायर ६४ युरो, चार जुन्या लोखंडी रिम ८० युरोला, चढवणं आणि बॅलन्सिंग वेगळं. भारांक ६९, म्हणजे एका टायरला ३२५ किलो. सातशे किलोच्या गाडीला रग्गड. वेगाचं अक्षर क्यू, म्हणजे ताशी १६०. माझी गाडी उतारावर वारा पाठीशी असला तरी तिथवर जात नाही.

आता टायर म्हणून कसे आहेत ते.

कोरड्या रस्त्यावर पहिले काही दिवस नको वाटले. मिनीचं स्टिअरिंग म्हणजे हातात रस्ता धरल्यासारखं असतं. या टायरांनी तिला जाड मोजे घातले. वळणावर किंचित उशिरा वळते. नव्वदच्या पुढे एक गुणगुण सुरू होते, ऐंशीला नाही, शंभरला पुन्हा कमी. रेडिओ तसाही ऐकू येत नाही, त्यामुळे सोडून दिलं. डिसेंबरात पाऊस आणि तीन-चार अंश असताना मात्र पहिल्यांदा वाटलं की पैसे कारणी लागले. मिनीचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) पुढे जाळीच्या मागेच असतो, पावसात तो भिजून इंजिन खोकायला लागतं, तेव्हा पकड गेली की काय अशी भीती दुहेरी असते. या टायरांवर निदान एक काळजी गेली. दुसरीसाठी मी प्लॅस्टिकचं झाकण लावलंय आणि देवाचं नाव घेतो.

खऱ्या बर्फावर पाच-सहा वेळाच जायची वेळ आली, आणि तिथे हे टायर भलतेच चांगले निघाले. इंजिन आणि गिअरबॉक्सचं सगळं ओझं पुढच्याच चाकांवर, टायर अरुंद, गाडी हलकी. गाइसलिंगेनच्या चढावर माझ्यापुढे एक भलीमोठी मागच्या चाकांवर चालणारी गाडी शेपूट हलवत होती आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये शांतपणे वर निघालो. पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्यांना अशा दिवशी मिनी दिसली की माँटे कार्लो आठवतं. १९६४, ६५ आणि ६७ ला मिनीने ती शर्यत मारली होती. त्यांच्या टायरांना खिळे होते. जर्मनीत खिळ्यांना १९७५ पासून बंदी आहे, आणि मलाही फक्त ऑफिसला जायचं असतं.

अडचण वेगळीच येते. ट्रकांनी पाडलेल्या चाकोरीत मिनीची दोन्ही चाकं एकदम बसत नाहीत, एक आत आणि एक उंचवट्यावर. मधला बर्फ सायलेन्सरला घासतो. टायर कितीही चांगला असला तरी गाडीच नांगरासारखी बर्फ ओढायला लागली की काय करणार?

हवा दर आठवड्याला बघा. थंडीत दहा अंशांमागे दशांश बार तरी उतरते, आणि एवढ्याशा टायरमध्ये तेवढ्यानेही स्टिअरिंग जड होतं.

तर ०९२०. त्या सकाळी स्टेपनी लावली, ती उन्हाळी, म्हणून चाळीसच्या वेगाने कामावर पोचलो. संध्याकाळी मिस्त्रींनी पंक्चर आतून ठिगळ लावून काढलं, २५ युरो. त्यांना आकडा दाखवला. मूळचे इथलेच, श्वाबेन प्रांतातले. पैशाच्या बाबतीत आपल्या कोकणस्थांचे सख्खे चुलतभाऊ. ते म्हणाले, "टायरला भोक पडलं त्याचा राग नाही, तारखेचा आहे?" हो, आहे!

विकणाऱ्याला लिहिलं. उत्तर आलं : धंद्याच्या रिवाजाप्रमाणे तीन वर्षांपर्यंतचा टायर कारखान्यातून ताजा आणि नीट साठवला असेल तर पाच वर्षांपर्यंतचा 'नवा' धरतात. तुम्ही घेतला तेव्हा तो साडेचार वर्षांचा होता, सबब नवा. ऑनलाइन खरेदी परत करायचे चौदा दिवस कधीच उलटले होते. मी विचारलं, मग चारही तसेच का नाही पाठवलेत? तिघं ताजे आणि कोपऱ्यात उरलेलं एक शिळं, हे भाजीवाल्यासारखं झालं. (जर्मन भाषेत हे लिहिताना भाजीवाल्याचं रूपक गळलं, त्याची हळहळ आहे.) त्यांनी दहा युरोचं कूपन देऊ केलं, २०० युरोच्या पुढच्या खरेदीवर. म्हणजे १० युरोसाठी मी आणखी ४ टायर घ्यायचे! मी रोख मागितले. अकरा ईमेलनंतर १५ युरो खात्यात आले.

मध्यंतरी माझी बाजू भक्कम करायला मी रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र मागवलं, १९ युरोचं. हा हिशोब कृपा करून कुणी करू नका, बायकोने केलाय.

आता इथे मला मत बदलावं लागतंय. यंत्र आल्यावर चारही टायर मोजले, तीन-तीन ठिकाणी. तिघे ५८ च्या आसपास, ०९२० वाला ६१. तीन अंकांचा फरक आहे, म्हणजे मी बरोबरच होतो. पण त्यानंतर महिनाभर मुद्दाम रिकाम्या पार्किंगमध्ये, ओल्यावर, बर्फावर, ब्रेक मारून, वळवून बघितलं. कुठलाही फरक माझ्या हाताला लागला नाही. तो टायर मागे आहे आणि मिनीची मागची चाकं नुसती मागून येतात. मिस्त्रींनी अंगठ्याचं नख रोवून दोन्ही टायर तपासले आणि म्हणाले, "तुझ्या पट्टीच्या आतल्या गंजापेक्षा हा तरुण आहे."

त्यांचं बोलणं लागलं, कारण ते खरं आहे. टायरांवर मी जेवढा वेळ घालवला त्याच्या दहाव्या हिश्शाने मिठाकडे लक्ष दिलं असतं तर बरं झालं असतं. इथे रस्त्यावर टाकतात ते मीठ मिनीच्या मागच्या सबफ्रेममध्ये, दारांखाली, पुढच्या मडगार्डच्या सांध्यांत जाऊन बसतं. नोव्हेंबरात खालून मेण मारून घेतलं होतं, तरी मार्चमध्ये उजव्या पट्टीवर नाण्याएवढा फुगवटा आला. दर शनिवारी नाणी टाकून चालणाऱ्या धुलाईकेंद्रात खालून फवारा मारायचा, असं ठरवलं होतं; निम्मे शनिवार ईमेल लिहिण्यात गेले.

मार्च अखेरीस पंधरा अंशांवर हे टायर अगदी लोण्यासारखे होतात. सिग्नलला थोडा जोर दिला की पुढचं चाक किंचाळतं. लगेच बदलावेसे वाटले, पण एप्रिलमध्ये एकदा बर्फ पडतोच या आशेवर (हो, आशेवर) ईस्टरपर्यंत ठेवले. पडला नाही.

ईस्टरनंतरच्या शनिवारी चाकं उतरवली. ४,१०० किलोमीटर झाले. दोन युरोच्या नाण्याची चंदेरी कड चार मिलिमीटरची असते, ती नक्षीत पूर्ण बुडते, म्हणजे अजून बराच पल्ला आहे. मोजपट्टीने बघितलं तर नवे असताना आठ होते, आता मागचे साडेसात, पुढचे साडेसहा. प्रत्येकावर खडूने लिहिलं : पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा उजवा, आणि चौथ्यावर नुसतंच 'तो'.

रीतीप्रमाणे येत्या ऑक्टोबरात मागचे पुढे आणि पुढचे मागे करायला हवेत, म्हणजे झीज सारखी होईल. पण मग 'तो' पुढे येणार, जिथे ब्रेकही लागतो आणि वळणही घेतलं जातं, आणि तोवर त्याचं वय साडेपाच. हाताला फरक लागत नाही हे मीच वर लिहिलंय. तरीही मन धजत नाही. आहेत तिथेच ठेवले तर पुढचे दोन लवकर संपतील आणि जोडीने घ्यावे लागतील : १२८ युरो. त्यातून आलेले १५ वजा, यंत्राचे १९ अधिक.